खाडीतला तराजू

खारवलीच्या उदाजी महाराजांनी भर दरबारात हुकूम सोडला: आठ दिवसांत धाकू मेस्त्रीने फेसाइतकी हलकी लाकडाची फळी करून आणावी. नाही जमलं, तर पांगाऱ्याची राई तोडून तिथे हिराशेठचं गोदाम उभं राहील.

आता राजाला फळी कशाला, तर लाटेवर उभं राहायला. महाराज घोड्याला भीत, पण समुद्रात फळी टाकून लाटेवर स्वार व्हायचं म्हटलं की एका पायावर तयार. बहुतेकदा ते एकाच पायावर असत आणि मग पाण्यात. पणजोबांच्या वेळेपासून ही फळी पांगाऱ्याची असे आणि ती मेस्त्र्यांच्या घरातच तासली जाई.

अशात हिराशेठ नावाचा व्यापारी जहाजातून नवी फळी घेऊन आला. आत गोठवलेला फेस, वरून काचेच्या धाग्यांचं कापड आणि त्यावर राळ. त्या काळी असली वस्तू आली कुठून, हे मला विचारू नका. गोष्टीतला राजा काय तिथी बघून जन्माला येतो? शेठने फळी एका हाताने उचलून दाखवली आणि दरबारात दोन तट पडले. म्हातारे सरदार जुन्या फळीसाठी मिशा पिळू लागले, तरुण सरदार नव्या फळीसाठी. दोन्ही पक्षांतला एकही जण गुडघ्यापलीकडे समुद्रात गेलेला नव्हता, त्यामुळे वाद फार रंगला.

शेवटी महाराजांनी तो अशा अटींवर मिटवला. मेस्त्रीची फळी शेठच्या फळीइतकीच लांब, रुंद आणि जाड हवी. आतून कोरायची नाही. आणि दरबारच्या तराजूला दोन्ही बांधल्या की दांडी सरळ राहिली पाहिजे.

धाकू मेस्त्री घरी आला तो जेवेचना. त्या राईतल्याच लाकडावर त्याचं घर चालत होतं आणि गावातल्या कोळ्यांचे तराफेही. चार दिवस तो एकच ओंडका तासत बसला. वजन काही हटेना. त्याची मुलगी आवडा जिभेने तिखट आणि हाताने बापाइतकीच तयार. तिने त्याच्या हातातला तासायचा वाकस काढून घेतला आणि बजावलं, की फळी शेठच्या मापाची, पण नेहमीसारखी भरीव, चांगली कर, वजनाचं माझ्यावर सोड आणि आधी दोन घास खा. मेस्त्रीला पटलं काहीच नाही, पण भूक लागली होती.

आठव्या दिवशी आवडाने राजवाड्यावर निरोप पाठवला, की दरबारचा तराजू आणि शेठची फळी आधी पाठवावी आणि भरतीच्या वेळी खाडीवर यावं. महाराज लवाजम्यासह आले. दोन होड्या मधे पाणी सोडून शेजारी बांधून त्यांच्यावर आडवी काठी टाकलेली, काठीला दरबारचाच तराजू टांगलेला. पारडी काढून त्या जागी दोर सोडले होते. एकाला मेस्त्रीची फळी बांधलेली, दुसऱ्याला शेठची. दोन्ही फळ्या संथ पाण्यावर निवांत तरंगत होत्या. दोर सैल. आणि तराजूची दांडी अगदी सरळ!

हिराशेठ लालबुंद झाला. ही लबाडी आहे, तोलायचं ते जमिनीवर, असं तो ओरडू लागला. आवडाने त्याला खालून वर न्याहाळलं.

"शेठ, होडी वाळूत वडूक वीस माणसां लागतत, पाण्यात एक वल्हां पुरता. फळयेचा काम पाण्यात, मगे तोलूची खंय? वाळवंटात? तुमची फळी वाळूत चालत असात तर दाखवा चालवून."

काठावरचे कोळी हसले. महाराजांना मात्र हार मानायची सवय नव्हती. ते म्हणाले, "पोरी, पाण्यात ठीक आहे. पण समुद्रापर्यंत न्यायची तर जड ती जडच."

"म्हाराज, ती जड आसा असा तुमका कोणी सांगल्यान?"

महाराज हळूच म्हणाले, "भोयांनी."

मागे उभे असलेले, रोज फळी खांद्यावरून वाहणारे सहाही भोई एकदम वाळूकडे बघू लागले. आवडा म्हणाली, "तां खरा आसतला. पण तुमी ती कधी उचललास?"

एवढं झाल्यावर राजाला उचलणं भागच होतं. त्यांनी पागोटं दिवाणाच्या हातात दिलं, मेस्त्रीची फळी काठावर ओढून घेतली आणि जोर लावला. फळी वीतभर वर आली आणि महाराज हातभर खाली, चिखलात बसले. सगळा लवाजमा घाईने आभाळाकडे बघू लागला. मग महाराजच हसू लागले. इतके हसले, की उठवायला गेलेला दिवाणही घसरून शेजारी बसला.

तिथेच बसून त्यांनी हुकूम दिले. पांगाऱ्याची राई मेस्त्र्यांना कायमची बहाल. फळी न्यायला भोयांना बैलगाडी. आणि आवडाने हवं ते मागावं.

आवडाने पाण्यातल्या दुसऱ्या फळीकडे बोट दाखवलं. "ती शेठची फळी माका द्या."

धाकू मेस्त्रीचा चेहरा बघण्यासारखा झाला. ज्या फळीसाठी आठ दिवस त्याच्या तोंडचं पाणी पळालं, तीच ह्या कार्टीला हवी! महाराजांनीही डोळे विस्फारून विचारलं, की अगं, मग तुझ्या बापाच्या फळीत खोट काय?

"काय्येक खोट नाय, म्हाराज. राजाक तीच शोभता. पण मी लाटेर जातंय तेव्हा माजी फळी मीच उचलतंय."

महाराज पुन्हा चिखलात आडवे झाले, ते हसून हसून. फळी तिला मिळाली, आणि तिने ती एका काखेत मारून घरी नेली.