धूळबंदीच्या राज्यातली कोंबडी

एका राज्यात धुळीला बंदी होती. राजा धवलसेनाने वाटा, अंगणं, एवढंच काय, गोठेसुद्धा पांढऱ्या फरश्यांनी मढवले होते. वेशीशी येणाऱ्याला आधी न्हाऊ घालायचं, मगच आत सोडायचं, असा तिथला नेम. ते काम तान्ही नावाच्या म्हाताऱ्या दाईचं. राज्यातलं प्रत्येक बाळ पहिल्यांदा तिच्याच पायांवर न्हालेलं, राजकन्या कुमुदासुद्धा. म्हातारीला आपल्या हातांचा फार अभिमान होता.

एके सकाळी अंगभर राख फासलेला एक मांत्रिक वेशीशी आला. त्याच्या काखेत तांबडी कोंबडी होती. नेम म्हणजे नेम. दाईने रिठ्याच्या पाण्याने मांत्रिकाला धुतलं, तसंच कोंबडीलाही धुतलं. मांत्रिक वाळला. कोंबडी मात्र थरथरत राहिली आणि दुपारपर्यंत मेली.

मांत्रिक तिला घेऊन दरबारात गेला. राजासमोर ठेवून त्याने एक फुंकर मारली, तशी सिंहासनाशेजारी बसलेली कुमुदा कोंबडी झाली.

“आता हिला न्हाऊ घाल, राजा. मनाजोगं स्नान घडेल, त्या क्षणी ही माणूस होईल,” एवढं बोलून तो आल्या वाटेने निघून गेला.

राजाने दाईला बोलावलं. “तुझ्या हातून घडलं. तुझ्याच हातून निस्तरायला हवं.”

“व्हय, महाराज,” दाई म्हणाली. दुसरं काय म्हणणार बिचारी?

पहिल्या दिवशी ती पाय लांब करून बसली. कोंबडीला पायांवर घेऊन तिने तेल चोळलं, डाळीचं पीठ लावलं, ऊन पाणी घातलं, वर ओव्याची धुरी दिली. पिसं चिकटून बसली. कोंबडीने दाणे टिपायचं सोडलं.

खिडकीतली साळुंकी बोलली, “पाणी तुझं, पीठ तुझं. मन कोणाचं, दाई?”

“गप बस, बाय,” दाई म्हणाली. तिला ऐकायला सवड नव्हती.

दुसऱ्यांदा राजाने सात गावांच्या गाईंचं दूध मागवलं. दाईने ते धारेने ओतलं. पिसांना मुंग्या लागल्या. कोंबडीने उभं राहायचं सोडलं. साळुंकीने तेच विचारलं, दाईने तेच उत्तर दिलं.

तिसऱ्यांदा दाई एकवीस दिवस चालून संजीवन तळ्याचं पाणी डोक्यावरून घेऊन आली. अंघोळ घालताना त्याचा एक शिंतोडा कोपऱ्यातल्या केरसुणीवर पडला, तर केरसुणीला पालवी फुटली. कोंबडीने मात्र डोळे मिटले. या खेपेला साळुंकी काहीच न बोलता उडून गेली.

राजाने तोंड फिरवलं. “घेऊन जा. मला बघवत नाही.”

मूठमाती द्यायची, तर राज्यात मूठभर माती नव्हती. भर उन्हात दाई वेशीबाहेर गेली. कोंबडीला पदरातून उतरवून तिने खड्ड्याच्या जागेशी ठेवलं आणि खुरप्याने खणू लागली. माती तापलेली होती, कोरडी होती. म्हातारी रडत होती.

“हजार लेकरं न्हाऊ घातली म्या,” ती म्हणाली. “आन् या दोघींना मारलं. जळोत माझे हात.”

तेवढ्यात कोंबडीने एक डोळा उघडला. ती सरपटत काठाशी आली आणि खड्ड्यात घसरली. तिला उचलायला दाईचे हात पुढे झाले. जन्मभर ते असेच पुढे होत आले होते. या वेळी मात्र तिला साळुंकी आठवली. तिने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि ती बघत राहिली. इतकं अवघड काम तिने आयुष्यात केलं नव्हतं.

कोंबडी कुशीवर झाली. पायाने तिने माती उकरली, पंखाने अंगावर उडवली, या कुशीवरून त्या कुशीवर लोळली. धुळीचा लोट उठला. तिने अंग झाडलं, आणि खड्ड्यात कुमुदा उभी होती. केसांत माती, पापण्यांवर माती.

“चल बाय, पाणी तापवते,” दाई सवयीने म्हणाली आणि थबकली. “न्हाशील का?”

“न्हाले की, दाई,” कुमुदा म्हणाली.

राजाने फरश्या उखडल्या आणि वेशीवरचा नेम मोडला. राज्य पुन्हा नांदू लागलं. तांबडी कोंबडी मात्र परत आली नाही. दाई रोज वेशीबाहेर जाई आणि त्या खड्ड्यातली माती खुरप्याने भुसभुशीत करून ठेवी.