धनाग्राचे हेमराव

त्या राज्यात दोनच गावं होती आणि दोन्ही एका निळ्या, आंबट पाण्यात उभी होती. धनाग्र जाड, खडबडीत, दाटीवाटीचं. समोरचं ऋणाग्र पत्र्यासारखं पातळ. दोघांना वरून जोडणारी तार आजवर नुसती झोपून होती.

धनाग्रात तांब्याचे कण राहत. तांबी त्यांच्यातलीच, अगदी काठावरची. प्रत्येक तांबेकणाच्या कडेवर दोन अवखळ ठिणग्या असत. तिच्या होत्या चिंगी आणि मिंगी. तांबेकणांच्या खांद्यांवर सोन्या-चांदीचे मोजके मानकरी बसलेले. तांबीच्या डोक्यावर होते हेमराव. त्यांनी कधी खाली पाहिलं नव्हतं.

एका सकाळी तारेत वीज शिरली आणि सगळ्या धनाग्राला गुदगुल्या झाल्या.

"तांबे, तार ओढतेय गं आम्हाला!" चिंगी खिदळली. "जाऊ?"

"आणि मी?"

"तू पाण्यातून ये की!"

तांबीने दोघींना आणखी घट्ट धरलं. ठिणग्यांवाचून ती कधी राहिली नव्हती, आणि पोहणं कुणाला येत होतं?

"खबरदार!" वरून हेमराव म्हणाले. "धनाग्र सोडून ऋणाच्या गावी जातं का कुणी? आमच्या ठिणग्या बघ, घट्ट धरल्यात."

"पण हेमराव, मला हसू आवरत नाहीये हो!" असं म्हणत तांबीने हात सोडले.

ठिणग्या तारेवरून सुसाट पळाल्या. तांबी डुबकन पाण्यात पडली, आणि काय आश्चर्य, बुडालीच नाही! पाण्याने तिला उचललं, गरागरा फिरवलं. आजूबाजूला शेजारणी उड्या घेत होत्या. "अगं, तू निळी झालीस!" "तूही!" हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

ऋणाग्राच्या काठावर दोन ठिणग्या हात पसरून उभ्या होत्या.

"चिंगी? मिंगी?"

"नाही बाई, आम्ही दुसऱ्याच कुणाच्या. पण तू येतेस का?"

तांबी क्षणभर थबकली. मग तिने दोघींना कडेवर घेतलं आणि ती पुन्हा लालबुंद झाली. शेजारच्या अनोळखी कणाने तिचा हात धरला. चार घरं पलीकडे चिंगी-मिंगी कुणाच्या तरी कडेवरून जोरजोरात हात हलवत होत्या. मागून येणाऱ्यांची रीघ संपेना. पातळ ऋणाग्र बघता बघता भरलं, चकाकू लागलं.

तांबीने वळून पाहिलं. धनाग्राची चाळण झाली होती. मागे सरकत सरकत हेमराव एका शेवटच्या कपच्यावर ताठ बसले होते. कपच्यातला तांबेकणही हसत पाण्यात उतरला.

"अरे, धरा मला!" हेमराव ओरडले. धरायला कुणी उरलंच नव्हतं.

ते संथपणे खाली गेले, तळच्या काळ्या गाळात टेकले. तिथे चांदीचे काही सरदार आधीच गळ्यापर्यंत रुतलेले होते. हेमरावांनी अंगावरचा चिखल झटकला, मान ताठ केली आणि विचारलं,

"इथे वरची बैठक कोणती?"