वानरीच्या हातचा लेप

माणसानं डोंगरात अजून वाट पाडली नव्हती, तेव्हाची गोष्ट. वणवा पेटून विझला आणि रानभर पोळलेली, पोरकी पिल्लं उरली. एका वानरीनं त्यांना गुहेत आणलं, औषधी पाला चावून त्यांच्या जखमांवर लेप लावला. मग मदतीला साळुंकी आली, शेळी आली. आल्या त्या सगळ्या माद्याच.

शेवटी मोर आला. जखमा बघून त्याला भोवळ यायची, म्हणून तो गुहेच्या तोंडाशी उभा राहून पाहुण्यांशी बोलायचा. गुहेचा प्रमुख नेमायची वेळ आली तेव्हा म्हातारं कासव म्हणालं, "वानरीबाई, तुमचा जीव पिल्लांत. बाहेरचं मोराला बघू द्या." वानरी पुढच्या पिल्लाकडे वळली. सत्काराचे हार मोराच्या गळ्यात पडत गेले. तिला सगळे म्हणत, "तुमचं काय, तुम्हा माद्यांत माया उपजतच असते."

वर्षं गेली, नवी जखमी पिल्लं येत राहिली आणि मोर थकला. नवा प्रमुख निवडायला सभा भरली. या वेळी वानरीला आशा वाटली, कारण बोलायला हरिणी उभी राहिली. वणव्यात पोळलेलं पिल्लू होती तेव्हा तिला वानरीनंच वाचवलं होतं, कामही तिनंच शिकवलं होतं.

"परवा आलाय त्या काळविटाला प्रमुख करा," हरिणी म्हणाली. "मावशीला पिल्लांपासून तोडू नका. तिच्यासारखा लेप दुसऱ्या कुणाला जमतो?"

हे ती अगदी प्रेमानं बोलली. सगळ्यांनी माना डोलावल्या.

"मला व्हायचंय प्रमुख," असं वानरीला म्हणायचं होतं. पण आत एक पिल्लू कण्हत होतं, आणि त्याच्यासाठी चावलेला पाला तिच्या तोंडात होता.