वाळा वाळला तर?

राजा धवलसेनाला खिडकीला कसला पडदा हवा होता, ठाऊक आहे? वारा आत यावा, ऊन बाहेरच राहावं. राजाला बाजार दिसावा, पण बाजाराला राजा दिसू नये. वर आणखी, चैत्राची झळ आत येताना गार होऊन यावी! मखमल लावली तर जीव गुदमरे, मलमल लावली तर सगळंच दिसे. शिंप्यांनी हात टेकले.

शेवटी ही पीडा तुळाजी बुरुडाच्या गळ्यात पडली. चूक त्याचीच! खिडकीत पेंगणाऱ्या महाराजांचा मुकुट नाकावर घसरला आणि समोर टोपली विणणारा तुळाजी खो खो हसला.

"आठ दिवसांत पडदा आण, नाहीतर गाव सोड!" महाराज गरजले.

तुळाजीने अन्नपाणी सोडलं. त्याची लेक ठकू मात्र पदर खोचून उठली. "आबा, हसायचं ते हसून झालं, आता रडताय कशाला? बांबू फोडा!" आणि ती ओढ्याकाठी वाळ्याची मुळं खणायला गेली. गाव सोडायचं तिच्या जिवावर आलं होतं.

आठव्या दिवशी भर दुपारी तिने खिडकीला पडदा टांगला. बारीक कामट्या, त्यांत विणलेला वाळा. त्यावर घागरभर पाणी मारताच दरबारात गार, सुगंधी वारा सुटला.

"बाजार दिसतोय खरा," महाराज म्हणाले. "पण मी दिसत नाही कशावरून?"

"दिवाणजींना खाली उभं करा, सरकार, अन् त्यांना जीभ काढून दाखवा!"

महाराजांनी हातभर जीभ काढली. ठकूने आतून हाक दिली, "दिवाणजी, महाराज काय करतायत?"

दिवाणजी कमरेत वाकले. "प्रजेची चिंता! दुसरं काय?"

महाराजांना हसू फुटत होतं, पण हट्ट सुटेना. "हा घटकाभरात वाळेल. मग?"

"नावच वाळा, सरकार, पण वाळला की कामातून गेला! रोज पाणी मारायला, कामट्या बसवायला बुरूड लागणार. अन् बुरुडालाच तर तुम्ही गावाबाहेर काढताय!"

"आणि तो पुन्हा हसला तर?"

"कशाला हसंल? आता त्याला काय दिसणारच न्हाई!"

महाराज इतके हसले की मुकुट पुन्हा नाकावर आला. बाहेर कुणालाच दिसला नाही!

वाड्याच्या साऱ्या खिडक्यांचं काम तुळाजीला मिळालं, आणि ठकूसाठी महाराजांनी सोनाराला बोलावलं. "एक वाळा माझ्या खिडकीला," ते म्हणाले, "आणि चांदीचे दोन हिच्या पायांत!"