शंभराच्या पुढचं पाणी

एका गावात निवास नावाचा कंप्युटरवाला होता. गावाच्या डोक्यावर मातीच्या बांधाचं तळं. नदीवरची मोटर ते भरायची. मोटर बंद कधी करायची, हे निवासनं कंप्युटरला शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, एकच घोकंपट्टी. पाण्याची उंची मोज, आकडा नोंदव, शंभर बोटं झाली का बघ. झाली तर मोटर बंद. नाही तर पुन्हा पहिल्यापासून. घाण्याचा बैल बरा, तो दमतो तरी.

"आता मोटरीला कुणी हात लावायचा नाही," निवास म्हणाला. मोटरीच्या खोलीला कुलूप घातलं न् किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधली. माणसाला थोडी अक्कल आली की पहिल्यांदा कुलूप सुचतं.

एका दुपारी बांध पाझरायला लागला. बांधाखाली वस्ती. तिथंच निवासची बहीण हौसा, ओली बाळंतीण.

तळ्याचा राखणदार गणू धापा टाकत आला. "पाणी काठाला लागलं. मोटर बंद कर."

"कंप्युटर करील. तो चुकत नाही."

"मग तुला घाम कशाचा फुटला?"

निवासनं पडद्याकडं बघितलं. नव्व्याण्णव. खाली एकशे दोन. त्याखाली एकशे पाच.  दोन मोजण्यांच्या मधेच पाणी शंभर ओलांडून पुढं गेलं होतं. कंप्युटर आपला दर फेरीला विचारतोय, बरोबर शंभर आहे का? नाही. मग चालू दे. वस्ती वाहून गेली तरी तो हेच विचारणार.

चूक निवासची होती, आणि ती त्याला एकट्यालाच ठाऊक होती. किल्ली द्यावी तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. म्हणून तो गुपचूप कंप्युटरमधली 'बरोबर शंभर'ची ओळ दुरुस्त करायला बसला. घाईत एक अक्षर धड उमटेना. तेवढ्यात वरनं धप्पकन आवाज आला. बांधाची एक कड ढासळली होती.

निवासनं करगोटा तोडला. "माझं चुकलं, गणूमामा. पळा. कुलूप उघडा."

मोटर थांबली. तोवर पाणी हौसाच्या घरात शिरून पाळण्याच्या बुडाला लागलं होतं.

लेकरू छातीशी धरून ती म्हणाली, "दादा, त्या कंप्युटरला शंभराच्या पुढचं कळत नव्हतं. तुला तर कळत होतं."

 पुढं निवासनं ती ओळ बदलली: शंभर किंवा त्याच्या वर. आणि किल्ली मोटरीच्या खोलीबाहेर खिळ्याला टांगली.

तात्पर्य: थांबायची खूण अशी ठेवावी की ती ओलांडली तरी थांबता येईल, आणि चूक दिसली की आधी किल्ली द्यावी, अब्रूचं मागनं बघावं.