म्हादबाची तपासणी

नदीकाठच्या एका गावात म्हादबा नावाचा एक भोळा गडी होता. इथल्या राजानं लढाईत नदीपलीकडचा मुलूख बेचिराख केला होता. तह झाल्यावर त्याचं त्यालाच वाईट वाटलं. आपल्या खजिन्यातून सगळं पुन्हा बांधून द्यायचं ठरलं. मग खर्चावर लक्ष ठेवायला आणि झालेलं काम तपासायला कुणीतरी हवं. चोरी करण्याइतकी अक्कल नाही, म्हणून दिवाणजींनी म्हादबालाच नेमलं.

आधी पलीकडचा घाट झाला. म्हादबानं अलीकडूनच पाहिला आणि सांगितलं, "झकास आहे." आठवड्यात पायऱ्या वाहून गेल्या.

दिवाणजी म्हणाले, "लांबून बघून काय कळतं? वर चढून उड्या मारून बघावं."

म्हादबाला पटलं.

मग पलीकडच्या ठकूआजीचं घर शाकारलं. म्हादबा कामकऱ्यांच्या सरकारी नावेनं पलीकडे गेला, छपरावर चढला, उड्या मारल्या आणि कौलांसकट आजीच्या पिठाच्या परातीत येऊन बसला.

आजी म्हणाली, "लेका, दारानं आला असतास तरी चाललं असतं."

दिवाणजींनी कपाळावर हात मारला. "अरे, तिथं पाणी ओतून बघायचं."

मग आजीच्या कणगीत राजाचं बियाणं आलं. म्हादबानं त्यावर घागरी रिकाम्या केल्या. कणगीला कोंब फुटले. "बियाणं इतकं चोख," तो आनंदानं म्हणाला, "की पेरायचीही गरज नाही."

"गाढवा, नमुना काढून आणायचा!" दिवाणजी ओरडले.

शेवटी पूल झाला आणि कामकऱ्यांची नाव बंद झाली. दगडी, एका कमानीचा. आजीची लेक अलीकडे दिलेली. लढाईपासून मायलेकींची भेट नव्हती. पूल खुला व्हायचा त्या दिवशी दोघी दोन टोकांना उभ्या होत्या, आणि आजीचे डोळे आधीच भरून आले होते. फक्त म्हादबाची तपासणी राहिली होती.

म्हादबा पहार घेऊन पुलावर गेला. कमानीच्या मधोमध एक पाचरीसारखा दगड होता, सगळ्यात देखणा. तो त्यानं उचकटला, खांद्यावर घेतला आणि आजीच्या बाजूला उतरला. मागे धडाधड आवाज झाला.

"नमुना पक्का आहे!" म्हादबानं अलीकडे उभ्या दिवाणजींना हाक दिली. मग मागे वळून पाहिलं. पूल नव्हता.

आजी बराच वेळ नदीकडे बघत राहिली. तिला रडू आलं, पण जेवायची वेळ झाली होती. "चल," ती म्हणाली, "आता तू माझ्याकडेच."

रात्री पाऊस आला. सकाळी म्हादबा ओलाचिंब होऊन काठावर उभा राहिला आणि तळमळून ओरडला, "दिवाणजी, आजीचं छप्पर गळतंय. कुणीतरी तपासायला पाठवा!"