पाठ टेकवणे

"मग चुकतंय कुठं, आक्का? दम कमी पडतोय? का हात?"

हौसाक्का घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसल्या होत्या. पाय पाण्यात.

पाण्यात उभी असलेली संयोगिता धापा टाकत होती. एकेकाळची नावाजलेली पैलवान. गुडघा गेला, आखाडा सुटला, पण जिद्द काही सुटली नाही. आता तिला ट्रायथलॉन पुरं करायचं होतं. आधी समुद्रात लांब पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. सायकल तिला जड नव्हती, धावण्यापुरता गुडघाही सावरला होता. पण मागच्या वर्षी ती पाण्यातूनच बाहेर पडू शकली नव्हती. वेळ संपली, आणि होडीतल्या माणसांनी तिला दंडाला धरून वर ओढलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला असं उचललं होतं.

ती रडली नाही. घरी आली आणि दुसऱ्याच आठवड्यात हौसाक्कांच्या दारात उभी राहिली. तरुणपणी खाडीच्या मोठमोठ्या शर्यती पोहलेल्या हौसाक्का. निम्मं गाव त्यांनीच कृष्णेत पोहायला शिकवलेलं.

"आक्का, काहीतरी बोला की."

"पुन्हा जा."

ती पुन्हा गेली. हात आपटत, पाय झाडत. डोकं सारखं वर. नदीच्या मध्यावर पोचेपर्यंत खांदे भरून आले. नेहमीसारखीच ती अर्ध्यातून परतली.

"पाठीवर पड," आक्का म्हणाल्या.

"काय?"

"पाण्यावर. उताणी."

संयोगिता हसली. "पैलवानाला उताणं पडायला सांगताय?"

आक्का हसल्या नाहीत.

मातीला पाठ लागली की कुस्ती गेली. हे लहानपणापासून तिच्या हाडात मुरलेलं. झोपेतसुद्धा ती कुशीवरच असायची.

"मला सरळ पोहायला शिकवा, आक्का. शर्यत तोंडावर आली."

"म्हणूनच सांगतीय."

आक्का उठल्या, पदर खोचला आणि कमरेएवढ्या पाण्यात आल्या. तळहात पुढे केला.

"डोकं दे इथं."

तिनं डोकं ठेवलं... पण दिलं नाही. मान लाकडासारखी ताठ. पाय खाली गेले, पाठोपाठ कंबर गेली. नाकातोंडात पाणी.

"पुन्हा."

पुन्हा तेच.

"मी प्रयत्न करतीय!" ती खोकत ओरडली.

"दिसतंय की."

त्या दिवशी जमलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी पाणी गार होतं, अंगावर काटा येत होता. तरी ती आक्कांच्या आधी घाटावर हजर.

"आज पडल्याशिवाय घरी जाणार नाही."

आक्कांनी नुसता हात पुढे केला.

बराच वेळ गेला. मानेतली एक शीर सैल झाली की दुसरी ताठायची. वर आभाळ. त्याला धरायला कुठंच जागा नव्हती.

"आक्का... भीती वाटतीय."

हा शब्द तिनं आजवर कुणापुढं काढला नव्हता.

"असू दे," आक्का म्हणाल्या. "तिला घेऊनच पड."

संयोगितानं डोळे मिटले. श्वास सोडला, अगदी तळापासून. कान पाण्याखाली गेले. घाटावरचा कपडे आपटण्याचा आवाज बंद झाला. डोकं जड झालं, आणि ते जड डोकं तिनं त्या हातावर टाकून दिलं.

पाय आपोआप वर आले.

कितीतरी वेळ ती तशीच पडून राहिली. डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळत होतं. ते नदीचं की तिचं, कुणी विचारलं नाही.

"आता पालथी हो," आक्का तिच्या कानाशी वाकून म्हणाल्या. "पण अशीच."

ती पालथी झाली. डोकं पाण्यात ठेवलं. श्वास हवा तेव्हा तोंड थोडं बाजूला, पुन्हा पाण्यात. एक हात लांब गेला, मग दुसरा. पाय मागून नुसते येत होते.

नदीचा मध्य कधी मागं पडला, तिला समजलं नाही. बोटांना पलीकडचा चिखल लागला तेव्हा ती दचकली. क्षणभर थांबली, वळली आणि तशीच परत आली.

पायरीला हात लावून तिनं वर पाहिलं. धाप नव्हती. तिला आनंद व्हायला हवा होता, पण चेहऱ्यावर गोंधळ होता.

"आक्का, दमलेच नाही... म्हणजे मी काही केलंच नाही का?"

हौसाक्का पदर पिळत होत्या.

"केलंस की. पाण्याला कळलं नाही, एवढंच."